लेकराला डाळी निवडायला शिकवू या, माणसं निवडायला नको

मागच्या हिवाळ्यात माय नांदेडहून आमच्याकडे जयपूरला आली. पिशवीत ज्वारीचं पीठ होतं, हुलगे होते, वाळवलेली अंबाडी होती आणि एका जुन्या डब्यात चिंचोके होते. "चिंचोके कशाला आणलेस?" म्हटलं तर म्हणाली, "लेकराला खेळाया."

चारच दिवस आधी मी त्याच लेकरासाठी साडेतीन हजार रुपयांचं 'अर्ली लर्निंग किट' मागवलं होतं. लाकडी ठोकळे, ओवायचे मणी, आकड्यांचे पत्ते आणि एक चकचकीत माहितीपत्रक. माझी मुलगी चार वर्षांची आहे. मी घराण्यातली पहिली पदवीधर, बँकेच्या नोकरीमुळे इथे आलेली. आपल्याला जसं सगळं उशिरा कळलं तसं पोरीला कळू नये, इंग्रजी शाळेत तिने कुणाच्या मागे राहू नये, ही भीती तुमच्याही पोटात असेल. किट त्या भीतीने घेतलं होतं.

आठवड्याभरात किट पलंगाखाली गेलं आणि चिंचोके फरशीवर आले. मायने काही चिंचोके फोडून त्यांचे दोन भाग केले. एक बाजू तपकिरी, एक पांढरी. मुठीत खुळखुळवून टाकायचे आणि पांढरे किती पडले ते मोजायचं. चार पडले तर चार घरं पुढे. फरशीवर खडूने आखलेला पट. माझी मुलगी तोवर 'वन टू थ्री' गाण्यासारखं म्हणायची. त्या पटावर ती पहिल्यांदा एका आकड्याला एक घर अशी बोट ठेवून चालली. मोजणं आणि आकडे पाठ म्हणणं यात काय फरक आहे, तो मला तेव्हा दिसला. माय शाळेत गेलेली नाही. एकास एक जोडणी म्हणजे काय, हे तिला कुणी सांगितलेलं नाही.

गोष्ट इथेच थांबली असती तर मी लिहायला बसले नसते. 'महागडी खेळणी नकोत, आजीचे चिंचोके बरे' हे सांगणारे लेख भरपूर आहेत.

एका दुपारी आजी आणि नात चहा-चहा खेळत होत्या. मुलीने स्वयंपाकघरातून खरे कप आणले. चार कप लहान-मोठे बघून ओळीत लावले. मग कान तुटलेला एक कप शोधून आणला आणि तो ओळीपासून लांब, दाराजवळ ठेवला. म्हणाली, "ये वाला अलग. ये कचरेवाली आंटी का."

मायला हिंदी जेमतेम कळतं. हे वाक्य तिला माझ्याआधी कळलं.

आमच्या घरात वेगळा कप नाही. पण मुलगी संध्याकाळी खालच्या मजल्यावर खेळायला जाते आणि तिथे खिडकीच्या कठड्यावर एक कप पालथा घातलेला असतो. कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना त्यातच चहा मिळतो. त्या घरातली माणसं वाईट नाहीत. माझी मुलगी तापाने फणफणली तेव्हा रात्री गाडी काढून दवाखान्यात तेच घेऊन गेले. मुलीला जातीविषयी त्यांनी एक शब्दही सांगितलेला नाही. तिने फक्त बघितलं. कुठला कप कुठे ठेवतात, कुणाला देतात, कोण विसळतं. बघितलं, तुलना केली, गट पाडले. निरीक्षण, तुलना, वर्गीकरण: किटच्या माहितीपत्रकात छापलेली पहिली तीन कौशल्यं हीच होती.

माय पोरवयात गावच्या पाटलाच्या शेतात निंदायला जायची. तहान लागली की ओंजळ पुढे करायची आणि वरून पाणी ओतलं जायचं. तांब्याला हात लावायचा नाही. नातीला यातलं काही ठाऊक नाही. मायने ते तिला सांगितलंही नाही. तिने कान तुटलेला कप उचलला आणि म्हणाली, "मला ह्यातच दे च्या."

"पण आजी, तो तर आंटीचा आहे."

"मंग काय झालं? मी बी आंटीच हाय."

पोरगी गोंधळली. तिने पाचही कपांकडे पाहिलं आणि पुन्हा ओळ लावायला घेतली. या वेळी कान तुटलेला कप आकाराप्रमाणे तिसरा आला.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. तीन ते सहा या वयात मूल जगाचे गट पाडायला आणि त्यांचा क्रम लावायला शिकतं. पुढचं सगळं गणित आणि विज्ञान यावर उभं राहतं. आणि जात म्हणजे तरी काय? माणसांचे गट पाडणं आणि त्यांना वर-खाली लावणं. बाबासाहेबांनी तिला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं. म्हणजे आपलं लेकरू ज्या वयात वाटाणे आणि हरभरे वेगळे करायला शिकतं, त्याच वयात, त्याच बुद्धीने, घरातल्याच वस्तूंवरून ते जातही शिकतं. त्यासाठी कुणाला शिकवणी घ्यावी लागत नाही. कप, चटई, पाण्याचा माठ, चपला काढायची जागा एवढं साहित्य पुरतं.

हे साहित्य किती जुनं आहे ते आपल्याला माहीत आहे. साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमरावाला बसायला वेगळं गोणपाट होतं. ते त्याने घरून न्यायचं आणि संध्याकाळी घरी परत आणायचं, कारण शाळा झाडणारा नोकरही त्याला शिवत नसे. नळाला हात लावायची परवानगी नव्हती, शिपाई आला तरच पाणी मिळे. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलं आहे. गोणपाट ही तशी साधी घरगुती वस्तू. त्या वर्गातल्या बाकीच्या मुलांना त्या गोणपाटाने रोज एक धडा दिला असेल. आणि ही गोष्ट संपलेली नाही. याच राजस्थानात, जालोर जिल्ह्यातल्या सुराणा गावात, ऑगस्ट २०२२ मध्ये नऊ वर्षांच्या एका मेघवाल मुलाचा मृत्यू झाला. शिक्षकाच्या माठातलं पाणी प्यायला म्हणून त्याला मारहाण झाली, असा त्याच्या घरच्यांचा आरोप होता. मी राहते त्या जयपुरात उच्च न्यायालयाच्या आवारात १९८९ पासून मनूचा पुतळा उभा आहे. तो हलवण्याचा निर्णय त्याच वर्षी न्यायाधीशांनी घेतला होता, त्याला स्थगिती मिळाली आणि पुतळा तिथेच राहिला. २०१८ मध्ये आपल्या औरंगाबादच्या दोन बायका इथवर येऊन त्याला काळं फासून गेल्या. पुतळ्याविरुद्ध आपण लढलो, लढलंच पाहिजे. खिडकीतला कप मात्र नजरेतून सुटतो.

या वर-खालीचा मुलांच्या बुद्धीवर काय परिणाम होतो, याचा एक प्रयोग आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोन संशोधकांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. कुणाची जात कोणती हे उच्चारलं गेलं नाही, तेव्हा दलित मुलं आणि सवर्ण मुलं सारखीच ठरली. मग सगळ्यांसमोर प्रत्येकाचं नाव, बापाचं नाव आणि जात वाचून दाखवली. दलित मुलांनी सोडवलेली कोडी कमी झाली. तीच मुलं, तीच बुद्धी, तशीच कोडी.

म्हणून आपल्या घरात लेकराला शिकवताना दोन कामं एकदम करावी लागतात, असं मला वाटतं. गट पाडायला शिकवायचं, आणि पाडलेला गट मोडायलाही शिकवायचं.

आमच्या फरशीवर हे कसं चालतं ते सांगते. यात विकत आणण्यासारखं काही नाही.

एका ताटात राजमा, हरभरा, मूग आणि हुलगे एकत्र करते. मुलगी वाट्यांमध्ये वेगळे करते. चिमटीत दाणा धरून धरून बोटांना जी ताकद येते, तीच पुढे पेन्सिल धरायला लागते. (तीन वर्षांच्या आतल्या लेकरापुढे दाणे ठेवू नका, नाकात-घशात अडकतात. त्यांच्यासाठी बटाटे, कांदे, लिंबं चांगली. आणि मोठं मूल असलं तरी शेजारी बसूनच हा खेळ खेळावा.) निवडून झालं की दाणे पुन्हा एकत्र करायचे आणि म्हणायचं, "आता दुसऱ्या तऱ्हेने लाव." पहिल्यांदा तिने रंगाने लावले होते, आता ती आकाराने लावते. मग मी म्हणते, "आता तिसरी तऱ्हा शोध." एकदा तिने आजीने आणलेले एका बाजूला आणि दुकानातले दुसऱ्या बाजूला केले. मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. गट वस्तूंच्या अंगावर लिहिलेला नसतो, आपण पाडतो, आणि तो बदलता येतो, हे तिच्या हातांना कळतं. जात नेमकं याच्या उलट सांगते: एकदाच गट पडला, आता कायमचा.

दुसरा खेळ क्रमाचा. जयपुरात लाखेच्या बांगड्या सगळीकडे मिळतात आणि घरात बायकांच्या तीन पिढ्या असल्या की तीन मापं असतातच. लहान ते मोठी, मग मोठी ते लहान, मग पातळ ते जाड. पहिल्या ओळीत सगळ्यात मागे असलेली बांगडी तिसऱ्या ओळीत सगळ्यात पुढे येते. मोठी म्हणजे चांगली असं मी कधी म्हणत नाही. फक्त विचारते, "आता कशाप्रमाणे लावलंस?"

तिसरा पाण्याचा. फुलपात्रातलं पाणी ताटात ओतायचं आणि विचारायचं, कमी झालं का? चार वर्षांचं मूल हमखास "कमी झालं" म्हणतं. दुरुस्त करायची घाई करू नका. पुन्हा फुलपात्रात ओतू द्या. हे पंचवीस वेळा व्हावं लागतं. आमच्याकडे अजून चालूच आहे आणि फरशी रोज पुसावी लागते.

चौथा चादरीचा. सांगानेरी छापाच्या चादरीवर फूल-पान-फूल-पान असा पट्टा असतो. पुढे काय येणार, हे तिने बोट ठेवून सांगायचं. मग तसाच पट्टा वाटी-चमचा-वाटी-चमचा असा मांडायचा. आणि तिला सांगायचं की हा ठसा कुणीतरी लाकडात कोरला, कुणीतरी हाताने एकेक उमटवला. त्या छिपा कारागिरांना पुढचा ठसा नेमका कुठे टेकवायचा हे मनात मोजावं लागतं. आपल्याकडे हाताने काम करणाऱ्याला अडाणी म्हणायची रीत आहे. ती घरात शिरू द्यायची नाही.

पाचवा भाषेचा. माय 'पानी' म्हणते, मी 'पाणी' म्हणते, शाळा 'वॉटर' म्हणते. पूर्वी मी मायला नातीसमोर शुद्ध बोल म्हणायचे. आता नाही म्हणत. मुलीला तिन्ही शब्द ऐकू येतात आणि तिन्ही बरोबर आहेत. शब्दाचा पहिला आवाज ओळखायचा खेळ आम्ही डब्यांवर खेळतो. 'म' म्हटलं की मूग, मीठ, मसूर, मिरची. वाचनाची सुरुवात आवाज ऐकण्यातून होते आणि त्यासाठी स्वयंपाकघरातली फळी पुरते.

इथे एक सावधगिरीची गोष्ट. आपल्या घरातलं शहाणपण शाळेत आपोआप पोचत नाही. अभिजीत बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये आला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी मुलं गिऱ्हाइकाचा अवघड हिशेब तोंडी अचूक करत होती, पण तेच गणित शाळेच्या पद्धतीने मांडलं की अडखळत होती. नुसत्या शाळेत जाणाऱ्या मुलांचं उलट होतं. म्हणून चिंचोके मोजून झाले की मी पाटीवर ४ लिहिते, शेजारी चार ठिपके काढते आणि म्हणते, "शाळेत याला फोर म्हणतील." आपल्या घरापासून शाळेपर्यंतचा तो छोटा पूल आपणच बांधायचा आहे. आपल्या आई-बापांना तो बांधता आला नाही, कारण त्यांना पलीकडचा काठ बघूच दिला नव्हता. आपण दोन्ही काठांवर राहिलोय.

घरच्या वस्तूंनी शिकवणं ही काही नवी कल्पना नाही. मारिया मॉन्टेसरींचं पहिलं बालगृह १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो या कामगारांच्या गरीब वस्तीत उघडलं होतं. आज त्यांच्या नावाची पाटी दिसली की फी आधी विचारावी लागते. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडी सुरू केली, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. महाग साहित्याऐवजी त्यांनी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे वापरले. त्या बालवाडीत दलित वस्तीतली लेकरं येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. 'अंगणवाडी' हा शब्द त्यातून आला. या बाया आपल्या वस्तीतल्या नव्हत्या आणि त्या काळी वापरला गेलेला 'हरिजनवाडा' हा शब्द आपल्याला मान्य नाही. पण लेकरू येत नाही म्हणजे आई-बाप बेफिकीर, असं म्हणायला त्या बसून राहिल्या नाहीत, हे मान्य करायला हवं. जयपुरातही बोध शिक्षा समितीने १९८७ मध्ये गोकुलपुरी या कच्च्या वस्तीतूनच कामाला सुरुवात केली होती.

आणि आता माझ्या बोलण्यातली खरी अडचण. 'घरीच शिकवा, घरातल्या वस्तूंनी शिकवा' हे कुणाला सांगता येतं? ज्याच्याकडे घर आहे आणि घरात बसायला वेळ आहे त्याला. कचरा न्यायला येणाऱ्या ताई पहाटे साडेपाचला बाहेर पडतात. त्यांचा पाच वर्षांचा मुलगा बऱ्याचदा सोबत असतो, कारण त्या वेळी त्याला ठेवायला कुठलंही ठिकाण उघडं नसतं. प्लास्टिक, काच, पुठ्ठा तो न बघता वेगळे करतो. वर्गीकरण त्याला माझ्या मुलीपेक्षा कितीतरी चांगलं येतं. त्याच्या या कौशल्याचं कौतुक माझ्याच्याने होत नाही. त्याच्या हाताखाली काच आहे.

त्या मुलाचा हक्क संविधानात होता. मूळ कलम ४५ मध्ये दहा वर्षांच्या आत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत, सक्तीचं शिक्षण द्यायचं उद्दिष्ट होतं. वयाची खालची मर्यादा नव्हती. २३ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत ही तरतूद फक्त प्राथमिक शिक्षणापुरती आखडावी अशी सूचना आली. बाबासाहेबांनी ती नाकारली. त्यांचं म्हणणं साधं होतं: चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला लावायला आपण बंदी करतोय, तर मग त्या वयापर्यंत मूल शाळेतच असलं पाहिजे. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांचं शिक्षण मूलभूत हक्क झालं, हे मोठं काम झालं. पण त्याच दुरुस्तीने सहा वर्षांखालची लेकरं बाजूला काढली. त्यांच्यासाठी राज्याने 'प्रयत्न करावा', एवढंच उरलं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही कलम ११ मध्ये राज्य पूर्वप्राथमिकची व्यवस्था 'करू शकेल' असं आहे. करेलच असं नाही.

म्हणजे मेंदूची सगळ्यात झपाट्याने वाढ होते ती वर्षं हक्काबाहेर. तिथे पैसा असेल त्याला प्ले स्कूल, नसेल त्याला अंगणवाडी. आणि ज्या अंगणवाडी ताईवर सगळं टाकलंय तिला पगार नाही, मानधन. 'घरातच शिकवा' हा सल्ला सरकारने दिला तर तो जबाबदारी झटकणं ठरतो, हे आपण ओळखून असावं. २०२३ मध्ये केंद्र सरकारने 'जादुई पिटारा' नावाचा खेळण्यांचा संच काढला. पिटारा चांगलाच आहे. पण तो उघडून लेकरासोबत बसणारं माणूस हवं, त्याला पुरा पगार हवा आणि ती जागा पहाटेपासून उघडी हवी.

आपल्यासारख्या पहिल्या पिढीच्या पदवीधरांना काय करता येईल? स्वतःच्या लेकराला शिकवणं तर आहेच. शिवाय आपल्या भागातली अंगणवाडी कुठे आहे, कधी उघडते, तिथे कोण बसतं, हे एकदा जाऊन बघावं. खासगी शाळांतल्या २५ टक्के राखीव जागांचा नियम, शाळेत पूर्वप्राथमिक वर्ग असेल तर त्या वर्गापासून लागू होतो, हे वस्तीतल्या किती आई-बापांना माहीत आहे? फॉर्म भरायला आपला एक रविवार पुरतो. आपल्यासाठीही कुणीतरी असा रविवार दिला होता.

माय परत गेली. चिंचोक्यांचा डबा ठेवून गेली. आता रविवारी ताईंचा मुलगा आमच्या फरशीवर असतो. पटावर तो माझ्या मुलीला हरवतो आणि ती रडते. ताई सुरुवातीला दारातच उभ्या राहायच्या. आता बसतात. खालच्या मजल्यावरच्या काकूंशी मी कपाचा विषय काढला. त्यांना तो आवडला नाही. कप अजून कठड्यावर आहे. बोलणंही चालू आहे.

गेल्या रविवारी चहाला कप मुलीनेच मांडले. मी विचारलं, "किती?" तिने माणसं मोजली, मग कप मोजले. एक कमी पडला, तो आणायला ती आत पळाली. कान तुटलेला कप माझ्या वाट्याला आला.

जय भीम.